तांब्याचा ठोकळा आणि मामूंची काच

आमचे व्हिडिओ एडिटिंगचे दुकान सांगलीत आहे, पहिल्या मजल्यावर, आणि डोक्यावर सिमेंटचा पत्रा. एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथे बसणे म्हणजे काय, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. दुकान आम्ही दोघे बहीण-भाऊ चालवतो. भाऊ लग्नाच्या शूटिंगला जातो, बहीण मिक्सिंग आणि अल्बम सांभाळते. हा लेखही दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून त्यात 'आम्ही' येते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माधवनगरच्या एका घरचा निकाह होता. मुलगी वलीम्यानंतर पाचव्या दिवशी नवऱ्याबरोबर परदेशी निघणार होती आणि जाण्यापूर्वी व्हिडिओ हातात द्यायचा आमचा शब्द होता. शेवटच्या रात्री पूर्ण चित्रफीत तयार करायला लावली आणि काम सत्तर टक्क्यांवर असताना कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी आम्ही तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उघडून समोर बसलो. काटा ९८ अंशांवर होता. पहाटे कॅबिनेटचे झाकण काढून, टेबलफॅन थेट आत सोडून, कसाबसा तो व्हिडिओ निघाला. मुलीच्या भावाने पेनड्राइव्ह घेतला तेव्हा त्यांची गाडी खाली सुरूच होती.

कॉम्प्युटरचा प्रोसेसर म्हणजे नखाएवढी चिप. जड काम करताना तो शंभर-सव्वाशे वॅट वीज खातो आणि ती जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. घरातला जुना पिवळा बल्ब शंभर वॅटचा असे. त्याला हात लावून बघायची कुणाची छाती होत नसे. तेवढीच उष्णता इथे नखाएवढ्या जागेतून काढायची असते. ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आधी वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद होते. आमचा कॉम्प्युटर सेकंडहँड, कॅबिनेट अरुंद. बाजारात मिळणारा उंच, चांगला कूलर त्यात बसतच नव्हता. तो बसला असता तर आमचे काम त्यावर भागले असते, हे आधीच सांगून टाकतो. कुणाच्या कॅबिनेटमध्ये जागा असेल तर त्यांनी तोच घ्यावा. पुढचा खटाटोप करण्याची गरज नाही.

नवे कॅबिनेट, नवा बोर्ड असा हिशेब दुकानदाराने मांडला, तो सीझनच्या निम्म्या कमाईएवढा होता. अम्मीने तो कागद बघितला आणि म्हणाली, "एवढ्याशा डबीला थंड ठेवायला एवढे पैसे? तुमच्या मामूला विचारा. आयुष्यभर इंजिनंच थंड केली त्यांनी."

मामू साताऱ्याचे. घराणे शिकलगारांचे. आमचे नाना साण घेऊन आठवडा बाजार करत. विळे, कोयते, अडकित्ते, खाटकाच्या सुऱ्या, सगळ्याला धार लावत. मामूंनी साण सोडून लेथ धरली. या दोन जिल्ह्यांत ते साहजिकच होते. सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, आधी लोखंडी नांगर आणि पुढे पंपांसाठी देशभर नाव झाले. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिने बनत. मोठ्या कारखान्यांच्या सावलीत शेकडो छोट्या शेडमध्ये लेथ फिरू लागल्या आणि विहिरीवरच्या इंजिनांची हेड, लायनर, पंपाचे शाफ्ट यांची दुरुस्ती करणारे हात तयार झाले. मामू त्यांतलेच एक. आता काम कमी झाले आहे. विहिरीवर विजेच्या मोटारी आल्या, आणि त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या मामेभावाने, आयटीआय केले तरी शेडमध्ये पाय ठेवायचा नाही असे ठरवले होते. या विषयावर बाप-लेकात फारसे बोलणे होत नव्हते.

पावसाळ्यात काम थंडावल्यावर आम्ही पेठ नाक्यावरून साताऱ्याची एसटी धरली. मामूंना प्रोसेसर म्हणजे काय ते सांगायला दहा मिनिटे लागली, पुढचे त्यांनीच सांगितले. "म्हणजे हेडच झालं की. आत जाळ, बाहेर पाणी, मधे धातू. विहिरीवरच्या इंजिनाला आपण पंपाचंच पाणी फिरवून आणतो. तसंच करायचं, फक्त लहान."

लहान करण्यातच सगळी गोम होती.

पाणी का, हे आधी सांगतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला जितकी उष्णता लागते, तितक्याच उष्णतेने सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापते. म्हणून एक पातळ नळी मोठ्या पंख्याचे काम करते. आम्ही गणित मांडले: मिनिटाला एक लिटर पाणी फिरले आणि प्रोसेसरने १२० वॅट उष्णता दिली, तर ठोकळ्यातून जाताना पाणी दोन अंशसुद्धा तापत नाही. आमचा समज होता की पाणी जितके गार तितके चांगले. कागदावर दिसले की पाण्याला ही उष्णता म्हणजे काहीच नाही. प्रश्न ती उष्णता चिपमधून पाण्यापर्यंत पोहोचवण्याचा आहे, आणि ती वाट जेमतेम एक सेंटिमीटरची आहे.

त्या एका सेंटिमीटरवर आमचे चार महिने गेले.

धातू तांबेच घ्यायचा होता. उष्णता वाहून नेण्यात तांब्याचा आकडा चारशेच्या आसपास, शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा २३७, पितळेचा साधारण ११०-१२०, आणि ज्याला आपण घरात स्टील म्हणतो त्याचा अवघा १५. बाजारात तांब्याच्या नावाने काय काय मिळते याची धास्ती होती. मामूंनी भंगारातून बसबारचा तुकडा आणला. बसबार म्हणजे विजेच्या मोठ्या पॅनेलमध्ये बसवतात ती तांब्याची जाड पट्टी. वीज नीट वाहावी म्हणून तिचे तांबे जवळपास शुद्धच असते, आणि जे विजेला चांगले ते उष्णतेलाही चांगले. ६० मिलिमीटर रुंद, १० जाड. तेवढाच लांब तुकडा कापला, वजन सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास.

आमच्या पहिल्या चित्रात नुसता पोकळ डबा होता: एका तोंडाने पाणी आत, दुसऱ्याने बाहेर. मामू म्हणाले, सपाट तव्यावरून पाणी गेलं तर तवा कितीसा निवणार? पाण्याला धातू जास्त भेटला पाहिजे. मग चौरसाच्या मधोमध ३० बाय ३० मिलिमीटरचा एक ओटा उभा ठेवून भोवतीची कड खाली उतरवायची आणि त्या ओट्यात एक मिलिमीटर रुंद, सहा मिलिमीटर खोल असे १५ चर पाडायचे असे ठरले. चरांच्या मधे तेवढ्याच जाडीची पाती उरतात आणि खाली बुडाला चार मिलिमीटर तांबे. सपाट ओट्यावर पाण्याला नऊ चौरस सेंटिमीटर धातू मिळाला असता. चरांच्या भिंती आणि तळ धरून तो ५८ चौरस सेंटिमीटरवर गेला. म्हणजे साडेसहा पट, तेवढ्याच जागेत. कड खाली असल्यामुळे गोल पात्याचा कटर एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडतो, हा मामूंचा हिशेब. आम्ही काढलेल्या बंद खड्ड्यात तो कटर उतरलाच नसता.

तांबे कापायला दिसते मऊ, पण चिकट असते. कटरच्या दातांत बसते आणि कटर अडकतो. पहिला कटर पाचव्या चराला मोडला. दुसरा मामूंनी अगदी हळू चालवला, सतत कटिंग ऑइलचे पाणी सोडत. पंधरा चरांना अख्खी दुपार गेली. मामेभाऊ दारात उभा राहून मोबाइल बघत होता. दहाव्या चरानंतर मोबाइल खिशात गेला.

झाकण जाड अ‍ॅक्रिलिकचे केले, आतले पाणी दिसावे म्हणून. त्याला ओ-रिंगची खाच, पाणी जायला-यायला दोन आटे. पितळेचा नोझल आम्ही स्वतः बसवला आणि पाणी गळू नये म्हणून चांगला आवळला. संध्याकाळी चहा पिताना टक् असा आवाज आला. झाकण आट्यापासून कडेपर्यंत चिरले होते. नळाच्या फिटिंगचे आटे निमुळते असतात. लोखंडात ते घट्ट बसतात, अ‍ॅक्रिलिकमध्ये पाचरीसारखे काम करतात. दुसऱ्या झाकणाला सरळ आटे मारले, खाली रबरी वॉशर दिला आणि पाना न लावता हाताने आवळले. चिरलेले झाकण आम्ही स्पिरिटने पुसलेही होते. अ‍ॅक्रिलिकवर स्पिरिटने बारीक तडे जातात हे नंतर कळले.

सांगलीला आणून पाणी फिरवले. तापमान ९८ वरून ८२ वर आले. आम्ही खूश. मामूंना फोन केला तर ते म्हणाले, झाकणातून नीट बघा, पाणी कुठून जातंय. विजेरी लावून पाहिले. पाण्यातले बारीक बुडबुडे चरांतून जातच नव्हते. झाकण आणि पात्यांच्या टोकांमध्ये दीड मिलिमीटर फट राहिली होती आणि सगळे पाणी पात्यांच्या डोक्यावरून आरामात पलीकडे जात होते. मामू फोनवर एवढेच म्हणाले, "पानी को शॉर्टकट नक्को देना." झाकणाच्या आतला खड्डा तेवढ्या मापाने उथळ केला, आता पाती झाकणाला जेमतेम टेकत होती. पाण्याला चरांतूनच जावे लागले.

आता खालच्या बाजूची गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. ठोकळ्याचे बूड प्रोसेसरच्या पाठीला टेकते. डोळ्यांना दोन्ही सपाट दिसतात, पण मधे कुठे ना कुठे केसाएवढी फट असतेच आणि फटीत हवा. तांब्याच्या तुलनेत हवा उष्णतेला सुमारे पंधरा हजार पट जास्त अडवते. म्हणून मधे पेस्ट लावतात. पेस्ट हवेपेक्षा कितीतरी बरी, पण तांब्यापुढे तीही गरीबच. ती फक्त फट भरण्यापुरती हवी. फट जितकी कमी तितकी पेस्ट कमी. मशिनवरून निघालेल्या बुडावर कटरच्या रेघा होत्या. आम्ही म्हटले, पेस्ट जरा जाड लावू.

मामूंनी उत्तर दिले नाही. आतल्या खोलीतून त्यांनी खिडकीची एक जाड काच आणली, पुसून टेबलावर ठेवली, वर पाण्याने ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला आणि ठोकळा त्यावर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवू लागले. दाबायचे नाही, ठोकळ्याच्या वजनानेच घासू द्यायचे. दहा-वीस फेऱ्यांनंतर ठोकळा पाव वळणाने फिरवायचा, म्हणजे हाताचा कल एकाच कडेला पडत नाही. मधे मधे बुडावर मार्करने जाळी काढायची आणि दोन फेऱ्या घासायचे. जिथे शाई राहिली तिथे खोलगट आहे. आमच्या ठोकळ्याच्या मध्यभागी शाईचा रुपयाएवढा ठिपका कितीतरी वेळ राहिला. नेमक्या त्याच जागी प्रोसेसर येणार होता. मग ८०० नंबर, मग १२००. शेवटी मामूंनी पोलादी पट्टीची धार त्या बुडावर उभी धरली आणि दोन्ही उजेडाकडे करून एक डोळा मिटला. पट्टीखालून उजेड येतो का बघत होते. नाना सुरी अशीच धरायचे, असे अम्मी सांगते. धार लागली की नाही ते बोटाने बघायचे नाही, उजेडाने बघायचे.

इथे थोडे विषयांतर करतो. मिरजेची सतार आणि तंबोरा सगळ्यांना ठाऊक आहे. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची. तलवारी आणि हत्यारांना धार लावण्याचे काम कमी झाल्यावर एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतले. हात तेच राहिले. सतारीची घोडी घासताना कारागीर केसाएवढ्या उताराने आवाज बदलतो, आणि तो उतारही मापाच्या पट्टीने निघत नाही. मामूंना हे सांगितले तर म्हणाले, "ते मोठे लोक. आमचं आपलं कोयते."

दुसरा पेपर घासायला मामूंनी ठोकळा मामेभावाकडे सरकवला. काही बोलले नाहीत. त्याने तासभर घासला.

चिपमधली उष्णता काढण्यासाठी बारीक चर, ही कल्पना मामूंची नाही आणि आमची तर नाहीच. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात टकरमन आणि पीस या दोघांनी १९८१ मध्ये सिलिकॉनमध्येच केसापेक्षा बारीक, ५० मायक्रॉन रुंदीचे चर कोरून त्यांतून पाणी सोडले आणि एका चौरस सेंटिमीटरमधून ७९० वॅट उष्णता काढून दाखवली. आज मोठमोठ्या यंत्रांत पाणी चिपपर्यंत नेतात. लांब कशाला, पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेला परम ब्रह्म हा महासंगणकही अशाच थेट द्रव-शीतनावर चालतो. आमचा एक मिलिमीटरचा चर त्यांच्यापुढे म्हणजे ओढाच. पण एक मिलिमीटरपेक्षा बारीक कटर मामूंच्या मिलिंगवर टिकत नाही, आणि फार बारीक चरांतून पाणी ढकलायला पंपही जोरदार लागतो. जे हाती होते त्याचे हे माप होते.

रेडिएटरच्या बाबतीत मात्र आम्ही मोठी चूक केली. मोटारसायकलचा जुना रेडिएटर स्वस्तात मिळाला, तो जोडून टाकला. तो अ‍ॅल्युमिनियमचा होता. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की तो एक प्रकारचा सेलच होतो आणि अ‍ॅल्युमिनियम हळूहळू झिजते. तीन महिन्यांत तापमान पुन्हा चढू लागले. झाकण उघडले तर चरांमध्ये पांढरा चिखल भरला होता. एक मिलिमीटरचे चर गाळणीचे काम करत होते. शाळेत शिकलेले असूनही लक्षात आले नाही. मग एका रेडिएटरवाल्याकडून जुन्या गाडीच्या हीटरचा तांबे-पितळेचा कोअर घेतला, मागे दोन पंखे लावले. आत बॅटरीचे शुद्ध पाणी आणि त्यात दहावा हिस्सा गाडीचे कूलंट, म्हणजे गंज धरत नाही आणि शेवाळ येत नाही. बोअरचे पाणी घालू नये, क्षार बसतात.

दादींनी बर्फ सुचवला. तापमान आणखी उतरेल, हे खरेच होते. पण खोलीपेक्षा गार झालेल्या धातूवर बाहेरून दव धरते, जसे उन्हाळ्यात थंड सरबताच्या ग्लासवर धरते, आणि ते दव बोर्डावर उतरले की खेळ खलास. त्यांना हे पटायला ग्लासच दाखवावा लागला. असा रेडिएटर पाण्याला खोलीपेक्षा गार करूच शकत नाही, आणि ते बरेच आहे.

कुणी हे करून बघणार असेल तर दोन गोष्टी पाळाव्यात. घरातल्या कूलरचा २३० व्होल्टचा पंप वापरू नये. तो पाण्यात बुडालेला असतो, आणि त्याचे इन्सुलेशन गेले तर वीज त्याच पाण्यातून ठोकळ्यापर्यंत येते. १२ व्होल्टचा छोटा पंप मिळतो; एक लिटरची बाटली मिनिटात भरत असेल तर पुरे. आणि सगळी जोडणी झाल्यावर कॉम्प्युटरची वीज काढून फक्त पंप पूर्ण २४ तास चालवावा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून. आमच्याकडे एकोणिसाव्या तासाला एक कागद ओला झाला. नळीची क्लिप बदलली आणि पुन्हा शून्यापासून २४ तास. ठोकळा बोर्डावर आवळतानाही चारही स्क्रूखाली स्प्रिंग घालावी आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे फिरवावेत. एकाच कोपऱ्यात जोर लावला तर घासून सपाट केलेले बूड तिरपे बसते, शिवाय बोर्ड वाकतो तो वेगळाच.

गेल्या एप्रिलमध्ये, दुकानात ३६ अंश असताना, दोन तासांचा वलीमा एका दमात निघाला. प्रोसेसर ७१ वर थांबला. खर्चाचे म्हणाल तर मोडलेला कटर, वाया गेलेले झाकण आणि एसटीची तिकिटे धरून तयार कूलरच्या आसपासच पोहोचतो. मामूंनी मजुरी घेतली नाही, ती धरली तर हा सौदा महागच. त्यांना एका दिवसाचे किती द्यायला हवे होते, यावर आमचे दोघांचे अजून एकमत नाही.

मामेभाऊ हल्ली संध्याकाळी शेडमध्ये असतो. त्याने स्वतःसाठी दुसरा ठोकळा कापायला घेतला आहे, यावेळी पाऊण मिलिमीटरच्या कटरने, आणि दोन कटर मोडलेही आहेत. मामू त्याला काही सांगत नाहीत. रात्री साडेनऊला मात्र आम्हाला त्यांचा फोन येतो आणि सलामदुआ झाल्यावर पहिला प्रश्न असतो, "आज कितीवर होता?"